हात वर गेला की मान खाली

नमस्कार श्रोतेहो.

आठवीच्या वर्गात फळ्यावरची वरची ओळ पुसायला मी डस्टर उचललं, आणि पहिल्या बाकावरच्या मुलानं झटकन मान खाली घालून दोन्ही हात कानांवर घेतले. मी त्याच्याकडे बघतही नव्हते. मधल्या सुट्टीत भांडणात हाच पुढे असायचा. कारण विचारलं तर म्हणायचा, "बाई, तो माझ्याकडे रागानं बघत होता." आम्ही शिक्षक त्याला उद्धट म्हणायचो. तो शब्द मला आज मागे घ्यायचाय.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात सेथ पोलक यांनी घरी मारझोड सोसलेल्या मुलांना पडद्यावर चेहरे दाखवले. आधी अगदी पुसट, मग हळूहळू स्पष्ट होत जाणारे. रागाचा चेहरा या मुलांनी इतरांपेक्षा लवकर ओळखला. मला यात नवल वाटत नाही. दारात काढलेल्या चपलांच्या आवाजावरून आजची संध्याकाळ कशी जाणार, हे ज्या लेकराला ताडावं लागतं, त्याचे कान-डोळे तयार होणारच. त्या घरात ही हुशारी त्याला वाचवते.

मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डला. धोक्याची पहिली वर्दी तिथून मिळते. लंडनमध्ये इमन मॅक्रोरी आणि सहकाऱ्यांनी २०११ साली घरातली हिंसा अनुभवलेल्या मुलांच्या मेंदूचे स्कॅन प्रसिद्ध केले. रागीट चेहरा दिसला की या मुलांचा अमिग्डला इतर मुलांपेक्षा जास्त जागा होत होता. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या मेंदूतही असंच दिसलं होतं. आणि यातल्या कुठल्याही मुलाला मानसिक आजार नव्हता. वरून सगळं ठीक होतं, हो!

अडचण येते ती बाराव्या-तेराव्या वर्षी. आता घरापेक्षा मित्र मोठे होतात. थट्टा कुठली, अपमान कुठला, हे चेहऱ्यावरून क्षणात ओळखावं लागतं. भावनांना आवर घालणारा कपाळामागचा मेंदू तर पंचविशीपर्यंत घडतच असतो. मग मित्र नुसता विचारात असला तरी याला तो चिडलेला दिसतो, आणि हा आधीच हात उगारतो. दोन-चार वेळा असं झालं की डबा खायला याच्याजवळ कुणी बसत नाही.

न मारताही इजा होते. रुमानियाच्या अनाथालयांत मुलांना दूध मिळायचं, पण कुशीत घेणारं ठरावीक माणूस नव्हतं. बुखारेस्टमध्ये अशा १३६ मुलांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं निवडून त्यांना सांभाळणारी कुटुंबं दिली. उरलेल्यांचं जे चालू होतं तेच चालू राहिलं. आठव्या वर्षी मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या, तेव्हा दोन वर्षांची व्हायच्या आत कुटुंबात गेलेली मुलं घरी वाढलेल्या मुलांसारखी दिसली. उशिरा गेलेल्यांचं तसं झालं नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपल्याकडचंही सांगते. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांतली पाहणी प्रसिद्ध केली, त्यात महाराष्ट्र होता, गोवाही होता. दर तीन मुलांतल्या दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. "आम्हीही मार खाऊनच मोठे झालो" असं म्हणणारे पालक मला दर सभेत भेटतात. मार खाल्लेलं प्रत्येक मूल बिघडतं असं मी म्हणत नाही. पण कुणाचं काय आत राहिलं, हे आपल्याला बाहेरून कळत नाही.

त्या मुलासाठी मी फार काही केलं नाही. वर्गात हात उचलण्याआधी "पुसते हं" असं म्हणू लागले. त्याच्याशी बोलताना उभी न राहता शेजारच्या बाकावर बसू लागले. भांडण झालं की "का मारलंस?" याऐवजी "तुला काय वाटलं, तो काय करणार होता?" असं विचारू लागले. पहिले कित्येक दिवस तो नुसता खाली बघायचा. मग एकदा म्हणाला, "बाई, तो हसत होता का खरंच?"

तुमच्या शेजारी, शाळेत, सोसायटीत असं एखादं मूल असेल, तर १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा फोन नंबर लक्षात ठेवा. तो फुकट आहे, रात्रीही लागतो, आणि मूल स्वतःही लावू शकतं. नमस्कार.