ब्रोकरेज एकदा, फोन अकरा महिने

रविवारी सकाळचे दहा. बाणेरला पार्टी फ्लॅट बघायला आलीये, आणि तुमचा फोन वाजतो. “दादा, गीझर चालत नाहीये.” कोण? सहा महिन्यांपूर्वी वाकडला ज्याला टू बीएचके लावून दिला, तो. मालकाला विचारावं तर मालक न्यू जर्सीत, तिकडे मध्यरात्र. मग प्लंबर शोधा, इलेक्ट्रिशियन शोधा. तोवर बाणेरची पार्टी दुसऱ्या एजंटच्या गाडीत.

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय भाड्याच्या फ्लॅटचा मेंटेनन्स बाहेरच्या एजन्सीकडे सोपवण्याबद्दल. सोसायटीचा महिन्याचा मेंटेनन्स नव्हे हो. फ्लॅटच्या आतली दुरुस्ती.

हिशोब बघा. 11 महिन्यांचा करार, ब्रोकरेज एका महिन्याचं भाडं. समजा 25 हजार. ते हातात पडतं सुरुवातीलाच. नळ, गीझर, सरकत्या खिडक्यांचे फोन मात्र करार संपेपर्यंत. असे 40 फ्लॅट असतील तर तुम्ही एजंट उरत नाही, फुकटचे सुपरवायझर होता. (पाच-सहाच फ्लॅट असतील तर हा व्हिडिओ इथेच बंद करा, तुमचा नेहमीचा प्लंबर पुरे. जूनमध्ये तो फोन उचलतो का, ते वेगळं.)

एजन्सीला काम दिलं की ती फोन यायची वाट बघत नाही. टँकर किंवा बोअरचं जड पाणी असेल तर गीझरच्या कॉइलवर क्षार साचतात, हे तिला पाठ असतं; कॉइल जळायच्या आधीच साफ होते. पावसाळ्याआधी टेरेसची जाळी मोकळी, खिडकीच्या कडेला सिलिकॉन. सोसायटीत दुपारी ड्रिलिंग चालत नाही, हेही तिच्या माणसांना सांगावं लागत नाही.

पण माझ्या मते खरा फायदा कळतो डिपॉझिट परत करताना. मालक म्हणतो, “भिंत ह्यांनी खराब केली.” भाडेकरू म्हणतो, “ओल आधीपासून होती.” मध्ये तुम्ही, शिव्या दोघांच्या. एजन्सीकडे चावी देतानाचे फोटो, प्रत्येक दुरुस्तीची तारीख, बिल असलं की भांडण पाच मिनिटांत मिटतं. आणि पुढचा भाडेकरू शोधायला मालक पुन्हा तुम्हालाच फोन करतो.

आता घोळ कुठे होतो? पैशात. रेट कार्ड आधी लेखी घ्या. किती रुपयांपर्यंतचं काम न विचारता करायचं, ते मालकाकडून व्हॉट्सॲपवर तरी मंजूर करून घ्या. किरकोळ दुरुस्ती कोणाची, मोठी कोणाची, ते करारातच लिहा. बिल थेट मालकाच्या नावे. तुमच्या खात्यातून पैसे फिरवू नका. एजन्सी तुम्हाला कमिशन देत असेल तर मालकाला सांगून घ्या. नंतर कळलं तर तो फ्लॅट गेलाच म्हणून समजा.

सुरुवात एनआरआय मालकांच्या फ्लॅटपासून करा, चाव्या तशाही तुमच्याकडेच असतात. फक्त कोणती चावी कधी, कोणाला दिली, ती नोंद स्वतःच्या वहीत ठेवा; एजन्सीच्या ॲपवर सोडू नका.