आधी स्पिरिटचा बोळा

नमस्कार, श्रोतेहो. घरातलं जुनं सागवानी कपाट, देवघर, झोपाळा दुरुस्त करून देणारा पॉलिशवाला हल्ली शोधावा लागतो. म्हणजे शिकणाऱ्याला काम आहे. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा कोर्स मिळतो. पॉलिश मात्र उस्तादाच्या हाताखाली राहूनच येतं.

जुन्या लाकडावर बहुतेक वेळा चपड्याचं पॉलिश असतं. चपडा म्हणजे पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवरची लाख. ती स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्यानं पातळ हात द्यायचे. म्हणून पॉलिश पेपर नंतर, आधी स्पिरिटचा बोळा! आडबाजूला टेकवून बघा. चिकट झालं तर चपडा, ढिम्म राहिलं तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे स्पिरिटनं न विरघळणारी रासायनिक पॉलिशं.

अंबाजोगाईच्या एका वाड्यातली गंमत सांगतो. झोपाळ्याची फळी डोक्याच्या तेलानं आणि समईच्या काजळीनं काळीठिक्कर पडलेली. मालक मशीन आणून घासायला निघाले होते. उस्तादांनी नुसता बोळा फिरवला. काळं बोळ्यावर आलं आणि खाली सागाच्या लालसर रेषा दिसल्या. आजी म्हणाल्या, "अगं बाई! लग्न होऊन आले तवापासून मी हिला शिसवीच समजत होते!"

मालक म्हणाले, "एवढंच काम? मग पैसे कशाचे?"

उस्तादांनी बोळा त्यांच्याच हातात दिला. मालकांनी दोन हात मारले, तिसऱ्याला मधेच थांबून आमच्याकडे बघितलं. बोळा जागीच चिकटला! ओढला तर कापसाचे तंतू फळीवर आणि चपड्याचा पापुद्रा बोळ्याला.

आजी म्हणाल्या, "दे त्यांच्या हातात. आन् पैसेबी दे."

उस्तादांनी बोळ्याला जवसाच्या तेलाचा थेंब लावला आणि न थांबता गोल गोल फिरवत तो डाग मिटवला. मधे थांबायचं नाही, श्रोतेहो. बोळा थांबला की चिकटला.

आता माझं एक दुखणं. असली सागवानी टेबलं भंगारात घालून लोक हप्त्यावर भुशाच्या पाट्यांचं सनमायका लावलेलं फर्निचर आणतात, आणि एका पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात. असो.

पावसाळी दमट हवेत चपडा लावू नका, पांढरा पडतो. आणि जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा, मगच टाका. नमस्कार.