परीक्षा नेमकी कोण कुणाची घेतो?

नमस्कार श्रोतेहो.

ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी कॅथलिक चर्चमध्ये दरवर्षी एकच प्रसंग वाचला जातो: अरण्यात झालेली येशूची परीक्षा. यार्देन नदीत बाप्तिस्मा झाला, 'हा माझा प्रिय पुत्र' अशी वाणी आकाशातून ऐकू आली, आणि लगेच चाळीस दिवसांचा उपवास. त्यानंतर सैतान येतो आणि बोलणं सुरू करतो तेच मुळी 'तू देवाचा पुत्र असशील तर...' इथून. नदीकाठी जे ऐकलं, नेमका त्यालाच तो हात घालतो.

पहिला मोह भाकरीचा: या दगडांच्या भाकरी कर. यहूदियाच्या त्या उजाड डोंगरांत चुनखडीच्या दगडांना तोटा नाही, आणि पोटात चाळीस दिवसांची भूक. भाकर मागण्यात वाईट ते काय? मोहाची गंमत हीच असते, तो बहुतेक वेळा चांगल्या वस्तूचा हात धरून येतो. तिसरा मोह सत्तेचा. तो आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो, त्यावर मी वेळ घालवत नाही.

मला थांबायचंय ते मधल्या मोहापाशी. यरुशलेममध्ये मंदिराच्या शिखरावर नेऊन सैतान म्हणतो, टाक उडी, देवदूत तुला झेलतील. आणि आधार देतो तो चक्क बायबलमधल्या 91व्या स्तोत्राचा! कोरोनाच्या दिवसांत असंख्य ख्रिस्ती घरांत संध्याकाळी म्हटलं गेलं, तेच हे स्तोत्र. शास्त्र त्यालाही पाठ आहे.

येशूचं उत्तर बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं आहे: तू आपल्या देवाची परीक्षा पाहू नकोस. या उत्तरामागे एक जुनं भांडण आहे. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटलेले इस्राएली लोक रानात पाण्यावाचून तडफडत होते. ते आपला पुढारी मोशे याच्यावर उलटले आणि विचारू लागले, परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही? पाणी मिळालं, पण त्या जागेला नाव पडलं मस्सा, म्हणजे परीक्षेची जागा. परीक्षा घेणारे होते ते लोक, आणि द्यायची होती देवाने.

वांद्र्याच्या माऊंट मेरीच्या जत्रेत सप्टेंबरमध्ये मेणाच्या वस्तूंचे स्टॉल लागतात. हात, पाय, घर, तान्हं बाळ. ज्याचं जे दुखणं, त्याचं मेण. सगळ्या धर्मांची माणसं ती घेऊन डोंगर चढतात. गुडघेदुखीसाठी मेणाचा पाय वाहणाऱ्या आजीला कुणी अश्रद्ध म्हणालं, तर मला ते पटणार नाही. मागणं म्हणजे परीक्षा नव्हे. येशूनेच 'आमची रोजची भाकर' मागायला शिकवलं. गाडी घसरते ती पुढे, 'गुडघा बरा झाला तरच तू खरी' असं मनात आलं की.

मग अब्राहामाचं काय, असं तुम्ही विचाराल. देवाने त्याच्याकडे त्याच्या मुलाचा, इसहाकाचा, बळी मागून त्याची परीक्षा पाहिली, असं बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. उलट याकोब आपल्या पत्रात बजावतो की देवाने मला मोहात घातलं असं कुणी म्हणू नये, माणसाला ओढते ती त्याचीच वासना. दोन्ही वचनं एकाच बायबलात आहेत. एकाच प्रसंगात देव माणसाला उभं करू पाहतो आणि वासना पाडू पाहते, असा मेळ धर्मशिक्षक घालतात. मला तो पटतो. पण मोरिया डोंगराकडे लाकडं वाहून नेणारा इसहाक डोळ्यांसमोर आला की तेवढ्याने समाधान होत नाही, हेही खरं.

शुभवर्तमान लिहिणारा लूक अरण्यातला हा प्रसंग संपवताना म्हणतो, सैतान 'संधी मिळेपर्यंत' त्याला सोडून गेला. पुढे गुलगुथ्यावर, येशूला क्रुसावर खिळलं त्या जागी, येणारेजाणारे क्रुसाकडे बघून डोकी हलवतात आणि म्हणतात, 'तू देवाचा पुत्र असशील तर खाली उतर.' शब्द तेच, फक्त तोंडं माणसांची. त्या दुपारी झेलायला कुणी देवदूत येत नाही. येशूच्या तोंडी स्तोत्र येतं, पण 91वं नव्हे. 22व्या स्तोत्राची पहिली ओळ येते: 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' तक्रार आहे, जाबही आहे, पण सुरुवात 'माझ्या देवा' अशीच आहे, आणि त्यात 'असशील तर' कुठेच नाही.