आषाढातलं गरम पाणी

(फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, न्हाणीतला गीझर पंधरा-वीस वर्षांचा झाला, टाकी गळायला लागली, आता कोणता घेऊ, असं मला बरेच जण विचारतात. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "किती लिटर?" आपण जुन्याचाच आकडा सांगतो, पंचवीस. हा आकडा आपल्या घराला लागू पडतो का, हे कुणी मोजलेलं नसतं. ते आज मोजूया.

एक युनिट वीज ८६० लिटर पाणी एका अंशाने तापवते. एवढं एकच सूत्र पाठ ठेवा. आपल्या नळाचं पाणी २७ अंशांच्या आसपास असतं. पणजीत जानेवारीतही किमान तापमान सरासरी २० च्या घरात राहतं. सत्तरी तालुक्यात पहाटे ते आणखी उतरतं, पण तेही थोडेच दिवस. आंघोळीला ४२ अंश पुष्कळ झाले. म्हणजे वाढ पंधरा अंशांची. वीस लिटरची बादली घेतली तर ३०० भागिले ८६०, साधारण ०.३५ युनिट. चार माणसांच्या घरात चार बादल्या, म्हणजे दिवसाला दीड युनिटही लागत नाही. ज्याच्या गीझरचं बिल त्याहून बरंच जास्त येतं, त्याची जास्तीची वीज पाणी तापवण्यात जात नाही. ती टाकीच्या पत्र्यातून बाहेर पडते आहे.

साठवणीच्या गीझरमध्ये पाणी ६० अंशांवर तापतं आणि आंघोळ होईपर्यंत, कधी दिवसभर, तसंच राहतं. आतलं फोमचं आवरण जुनं झालं की ती ऊब भिंतीला जाते. नव्या गीझरवर तारे असतात ते याच गळतीचे. बटण चालू राहिल्यास २४ तासांत किती वीज वाया जाईल, त्यावरून ते ठरतात. पाच तारे म्हणजे पाणी लवकर तापेल, असा त्याचा अर्थ नाही. हा गैरसमज मी शिकल्यासवरल्या घरांतही पाहिला आहे.

आता लिटर. पंधरा लिटरची टाकी ६० अंशांवर तापवून त्यात थंड पाणी मिसळलं तर ४२ अंशांचं ३३ लिटर मिळतं. दीड बादलीहून अधिक. दोन किलोवॅटचं एलिमेंट तीच टाकी सतरा-अठरा मिनिटांत पुन्हा तापवतं. एकामागून एक न्हाणाऱ्या चौघांना पंधरा लिटर पुरतात. मग पंचवीस आणि पन्नास कशाला घेतले जातात? चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला. मूळ घरात वीस माणसं जमतात, त्या तीन-चार दिवसांसाठी आपण वर्षभर मोठी टाकी तापवत बसतो. त्या दिवसांत मागीलदारी चूल पेटवून तांब्याचं भाण, म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं, चढवा; जाळायला नारळाची सोडणं आणि चुडतं आहेतच. हे मी जुन्या आठवणीच्या ओढीने सांगत नाही, हिशेबाने सांगतो.

आता तीन लिटरचा इन्स्टंट गीझर, म्हणजे पाणी वाहता वाहता तापवणारा. 'थंडीत चालत नाही' अशी त्याची कीर्ती उत्तर हिंदुस्थानातून आली आहे, आणि तिथे ती खरीही आहे. पाणी १२ अंशांवर असेल तर तीस अंश चढवायला लागतात, आणि तीन किलोवॅटमध्ये मिनिटाला जेमतेम दीड लिटर येतं. आपल्याकडे चढ निम्मा, म्हणून धार दुप्पट: मिनिटाला जवळजवळ तीन लिटर. बादली सात मिनिटांत भरते. दोघांच्या फ्लॅटला याहून चांगला पर्याय मला दिसत नाही, कारण साठवणीची गळती जवळपास नाहीच. एक अट मात्र पाळा. तो १३ अँपिअर ओढतो, त्यामुळे जुनी बारीक वायर आणि ढिला सॉकेट चालणार नाही. शिवाय व्होल्टेज २०० वर आलं की तीन किलोवॅटचे सव्वादोनच उरतात. ज्या गावांत संध्याकाळी दिवे मंदावतात, तिथे टाकीचाच घ्या.

सोलरबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण त्याचा मी स्वतः पुरस्कर्ता आहे. ऑक्टोबर ते मे गोव्यात सोलर अप्रतिम चालतं. पण गरम पाण्याची खरी गरज आपल्याला कधी असते? मार्च-एप्रिलमध्ये माणूस थंड पाण्यानेच न्हातो. गरज असते ती आषाढात. आठ दिवस ऊन नाही, कपडे सुकत नाहीत, म्हाताऱ्यांचे सांधे धरतात. वर्षाच्या सुमारे तीन हजार मिलिमीटर पावसातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, आणि नेमकं तेव्हाच छपरावरचं सोलर थंड असतं. मग त्यात विजेचं एलिमेंट लागतंच. त्यात कौलारू छपरावर भरलेल्या टाकीचं वजन, काचेच्या नळ्यांवर पडणारा नारळ, माकडं. स्लॅब मोकळा असेल, घरात माणसं जास्त असतील आणि रोज गरम पाणीच लागत असेल, तर सोलर जरूर घ्या. त्याखेरीज नको.

मग जुलै मनात ठेवून कोणतं यंत्र निवडायचं? मोठ्या घरांसाठी माझं उत्तर हीट पंप. हा फ्रीजच आहे, उलटा लावलेला. फ्रीज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो. वीज फक्त ती उष्णता उचलायला लागते, म्हणून एका युनिटात तीन ते चार युनिटांएवढं पाणी तापतं. थंड प्रदेशात हवेत उष्णता कमी, तिथे त्याला धाप लागते. आपल्याकडे जुलैच्या पावसातही हवा पंचवीस अंशांची आणि दमट. त्याला आणखी काय हवं? दुपारी चालवून टाकी भरून ठेवली तरी चालतं. किंमत साध्या गीझरच्या कित्येक पट आहे, म्हणून दोन-तीन माणसांच्या घरात ते पैसे लवकर वसूल होत नाहीत. सहा-आठ माणसांचं घर, होम-स्टे, छोटं इस्पितळ, तिथे तो शोभतो. समुद्राजवळ असाल तर जाळीला खाऱ्या वाऱ्यापासून जपा. आणि यंत्र मोकळ्या हवेत ठेवा, बंद खोलीत नको.

गॅस गीझर बंद न्हाणीत लावू नका. कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग, आणि त्याने माणसं न्हाता न्हाता गेली आहेत. यावर चर्चा नको.

टाक्या गळण्याचं कारणही सांगतो. आपल्या जांभ्या जमिनीतल्या विहिरींचं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं, ते पत्रा खातं. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, तिचं काम पत्र्याच्या आधी स्वतः झिजणं. ती संपली की टाकीची पाळी. दर दोन वर्षांनी कांडी उघडून पाहिली आणि बदलली तर टाकी कितीतरी जास्त टिकते. नवीन घेताना ती बदलता येते का, हे विचारा. साठवणीच्या गीझरच्या भारतीय मानकाची, आयएस २०८२ ची, खूणही पाहून घ्या.

शेवटी अर्थिंग. आमच्या घरी आई म्हणायची, नळाला हात लावला की मुंग्या येतात. आम्ही म्हणायचो, वयामुळे असेल. पुढे गीझर काढला तेव्हा पाहिलं, बसवणाऱ्याने अर्थची वायर जोडलेलीच नव्हती, कापून मागे दुमडून ठेवली होती. कित्येक वर्षं ती माउली ओल्या पायांनी तो नळ सोडत होती. आजही रात्री हे आठवलं की मी उठून बसतो. म्हणून सांगतो, गीझर कोणताही घ्या, पण त्याआधी वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या. जांभ्या दगडात उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो, त्यात पाणी घालत राहावं लागतं. आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवा. तिच्यावर 'टेस्ट' असं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. स्विच खाली पडला पाहिजे. पडला नाही, तर त्या दिवशी न्हाणीतला गीझर चालू करू नका.