डोलकाठीचा ताण

सकाळचे सहा. गंगापूर धरणाच्या पाण्यावर अजून वाऱ्याची सुरकुतीही नाही. गोदावरीवरचं, मातीच्या बांधाचं हे धरण. काठावर ट्रॉलीवर एक बोट आहे, एंटरप्राइज. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेली, ४.०४ मीटर लांबीची, दोघांनी चालवायची शर्यतीची बोट. निळी शिडं ही तिची ओळख.

डोलकाठी उभी करायला दिंडोरीचे काका आलेत, सोबत पुतणी. काकांची द्राक्षबाग आहे. मांडवाच्या कडेच्या खांबाला ताण दिला नाही, तर घडांच्या वजनानं अख्खी ओळ आत कलते, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. डोलकाठीलाही असाच ताण लागतो. पुढून एक तार, आणि दोन्ही बाजूंना एकेक श्राउड, म्हणजे काठीला बाजूनं धरणारी तार. मांडवाला मात्र जागेवर उभंच राहायचं असतं. इथे वाऱ्याचा सगळा जोर याच तारांमधून बोटीत उतरतो.

मोठं शीड चढवायच्या दोरीला मोजपट्टी बांधून ती शेंड्यापर्यंत ओढली. खालचं टोक आधी बोटीच्या डाव्या काठाला लावलं, मग उजव्या काठाच्या बरोबर त्याच जागी.

"काका, उजवीकडे दोन सेंटिमीटर जास्त भरतंय."

"मग उजवी एक भोक खाली घे."

श्राउडच्या तळाशी ओळीनं भोकं पाडलेली पट्टी असते. त्यातली पिन एक भोक खाली सरकली. खाली सेंटिमीटरभराचा फरक, पण वर शेंडा चांगला चार बोटं हलला. मला हे दर वेळी नवल वाटतं.

आता मोजपट्टी बोटीच्या मागच्या फळीवर, काठीचा मागचा कल बघायला. काठी फार मागे झुकली, तर शिडाचा जोरही मागे सरकतो. मग बोट सारखी वाऱ्याकडे तोंड वळवते, आणि सुकाणूचा दांडा हातात जड होतो.

उरला ताण. पुढच्या शिडाच्या कडेतच तार ओवलेली असते. ते शीड चढवणारी दोरी आवळली की काठी पुढे ओढली जाते आणि दोन्ही श्राउड ताठ होतात. ताण कमी पडला, तर शिडाची ती कड वाऱ्यानं पोटासारखी लोंबते आणि बोट वाऱ्याच्या तोंडाला धरता येत नाही. पुतणी तार बोटानं छेडते, ऐकते, पुन्हा थोडं आवळते.

दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो. बोट कलते, दोघं वरच्या काठावर रेलतात. पुतणीची नजर मात्र खालच्या बाजूच्या श्राउडवर. ती नुकतीच सैल पडू लागली आहे. लोंबत नाही, ताठही नाही. काका मान डोलावतात.

संध्याकाळी काठी उतरवल्यावर काका सुती फडकं घेऊन तारेवरून वरपासून खालपर्यंत फिरवतात. एकोणीस बारीक धाग्यांची ही स्टीलची तार. तळाच्या जोडाजवळ फडकं अडकतं. एक धागा तुटून केसासारखा बाहेर आलाय. बाकीचे अठरा शाबूत आहेत.

"रविवारपुरती चालेल ना?" पुतणी विचारते.

काका काही न बोलता पिन काढतात, तारेची गुंडाळी करून तिच्या हातात देतात. नवी येईपर्यंत बोट काठावरच.