सेलॅन्नेचा गुडघा

मंडळी, फिनलंडचा आइस हॉकीपटू तेमू सेलॅन्ने याचे आकडे आधी सांगून टाकतो. जन्म हेलसिंकी, 3 जुलै 1970. एनएचएल या उत्तर अमेरिकी व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये 1451 सामने, 684 गोल, 1457 गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून). यातले 232 गोल, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडे जास्त, वयाच्या 35 व्या वर्षानंतरचे आहेत. वेगावर जगणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत हे फार विलक्षण आहे, आणि ते नीट समजायचं तर त्याच्या पायांपासूनच सुरुवात करावी लागते.

स्केटचं पातं जेमतेम 3 मिलिमीटर जाड असतं. खालून ते पन्हळीसारखं खोलगट घासतात, त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात. पन्हळ खोल ठेवली तर वळताना बर्फावर पकड घट्ट बसते, पण घसरण्याचा वेग कमी होतो. उथळ ठेवली तर वेग मिळतो, पण वळणावर पाय निसटतो. पळताना आपण जमीन मागे रेटतो. स्केटर आतल्या धारेवर भार देऊन बर्फ बाजूला रेटतो. गुडघा जितका खोल वाकेल तितका रेटा लांब जातो. रेट्याचा शेवटचा झटका पोटरी आणि टाचेमागची कंडरा देते, जिला आपण ॲकिलिस म्हणतो.

सेलॅन्ने उजव्या हाताचा, आणि खेळायचा उजव्या बगलेवर, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेने. चकती (या खेळात चेंडूऐवजी तीच असते) काठीवर बाहेरच्या बाजूला राहते, त्यामुळे आतून येणाऱ्या बचावपटूला आधी त्याचं अंग आडवं येतं. तोटा असा की गोलकडे पाहण्याचा कोन अरुंद होतो. म्हणून बचावपटूला बाहेरून मागे टाकून आत वळावं लागतं. अर्धं पाऊल उशीर झाला तर बचावपटू त्याला कठड्यावर दाबून टाकतो.

एनएचएलमधल्या विनिपेग जेट्स या संघाने त्याला 1988 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, दहाव्या क्रमांकावर निवडलं. मात्र तो तिथे 1992 मध्ये गेला. पहिल्याच हंगामात 84 सामन्यांत 76 गोल आणि 132 गुण. नवोदिताचा आधीचा विक्रम माइक बॉसीचा, 53 गोलांचा. सेलॅन्नेने तो 2 मार्च 1993 ला मोडला. त्याचे 76 गोल हा नवोदितांचा विक्रम आजही तसाच आहे. जानेवारी 1994 मध्ये दुसऱ्याच्या पात्याने त्याची ॲकिलिस कंडरा कापली गेली आणि तो हंगाम 51 सामन्यांतच संपला. असा खेळाडू परत येतो तेव्हा पहिल्यांदा हरवलेला असतो तो रेट्याचा शेवटचा झटका.

तरीही तो उभा राहिला. 1996 मध्ये अनाहाइमच्या संघात गेला, तिथे पॉल कारिया या सहकाऱ्याबरोबर जोडी जमली आणि 51, 52, 47 गोलांचे असे तीन हंगाम झाले. मग सॅन होजे, आणि 2003-04 मध्ये कोलोरॅडो. तिथे 78 सामन्यांत फक्त 16 गोल. कारण गुडघा.

गुडघा पुरेसा वाकत नसेल तर खेळाडू ताठ उभा राहून स्केटिंग करतो. रेटा आखूड होतो, तोच वेग गाठायला जास्त पावलं टाकावी लागतात आणि दम लवकर संपतो. हॉकीत खेळाडू बर्फावर एका वेळी 40-50 सेकंदच असतो. कबड्डीतली 30 सेकंदांची चढाई आठवा. तसाच सगळा जोर एकदम लावायचा असतो. शेवटच्या दहा सेकंदांत पाय जड झाले तर बगलेवरच्या खेळाडूचं हत्यारच गेलं.

2004-05 चा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या पैशाच्या वादात पूर्ण रद्द झाला. त्याच काळात सेलॅन्नेने गुडघ्यावर मोठी शस्त्रक्रिया करून घेतली. एरवी असा खेळाडू हंगाम निम्मा झाला की घाईने परततो आणि पुन्हा दुखापत करून घेतो. इथे परतायला लीगच चालू नव्हती. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा हंगाम हाच, ज्यात त्याने एनएचएलचा एकही सामना खेळला नाही.

2005 मध्ये तो एका वर्षाच्या करारावर अनाहाइमला परतला. 40 गोल. पुढच्या वर्षी 48, आणि 2007 मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद. वयाच्या चाळिशीत, 2010-11 मध्ये, 73 सामन्यांत 80 गुण.

फिनलंडसाठी तो सहा ऑलिंपिक खेळला, 1992 ते 2014. शेवटचं सोचीचं. एनएचएलची रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, साधारण 26 मीटर रुंद असते, सोचीची 30 मीटर होती. म्हणजे बगलेवरच्या माणसाला जास्त जागा, पण जास्त अंतरही. कांस्यपदकाच्या सामन्यात फिनलंडने अमेरिकेला 5-0 हरवलं. त्यात दोन गोल सेलॅन्नेचे होते, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. वय 43.