माउस ठेवा, टाइप करा

समोर बहुतेक नेटवर्कच्याच धंद्यातली मंडळी आहेत, म्हणून स्विचवर, म्हणजे ऑफिसचे कॉम्प्युटर नि कॅमेरे केबलने एकमेकांना जोडणाऱ्या डब्यावर, फार बोलत बसत नाही. स्विचच्या वेब पानावर माउस फिरवून सेटिंग करू नये, कमांड लाइनवर, म्हणजे अक्षरी हुकूम द्यायच्या पडद्यावर, टाइप करावी, हे माझं जुनं पालुपद. हसा! मागच्या रांगेतले काही जण त्याच माउसवर पोट भरतात, ठाऊक आहे मला.

नागपुरातल्या वर्धा रोडवरच्या एका ऑफिसचं ऐका. नाव सांगत नाही, बिल निघायचं आहे अजून. मे महिना, ४५ डिग्री, सर्व्हर रूमला कूलर. हो, कूलर! एसी साहेबांच्या केबिनमध्ये. त्या ओलीत स्विच जगला हेच नवल. तर एका पोट्ट्याने ब्राउझरमधून अकाउंट्स, सीसीटीव्ही, पाहुण्यांचं वायफाय, सगळ्यांचे वेगवेगळे व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर एकमेकांपासून वेगळे कप्पे, पाडले. 'अप्लाय' दाबलं, सगळं चाललं, शाबासकी मिळाली. कोपऱ्यातलं 'सेव्ह' तेवढं राहिलं. काही दिवसांनी भर दुपारी लाइन गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच्याच फुगलेल्या. लाइन आली, स्विच उठला तो कोरा, सगळे पोर्ट, म्हणजे केबल खोचायच्या जागा, मुळातल्या एकाच कप्प्यात, व्हीलॅन १ मध्ये. मला फोन. कोणता पोर्ट कशात होता विचारलं, तर पोट्टा म्हणतो, "सेटिंग तं केली होती नं भाऊ!" केली होती रे, पण लिहिली कुठे होती? क्लिकचा कागद निघत नाही. रात्रभर एकेक केबल हुडकत बसलो, आणि साहेब दर अर्ध्या तासाने डोकावून "झालं का?" हेच मजकूर म्हणून फाइलमध्ये असतं, तर कन्सोलवर, म्हणजे स्विचला थेट जोडलेल्या टाइप करायच्या पडद्यावर, पेस्ट केलं की मोकळे.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली म्हणे. मुख्य विषय तर आत्ता सुरू होतोय! सिस्को कंपनीच्या स्विचमधल्या आयओएस या सॉफ्टवेअरचं सांगतो, बाकी कंपन्यांचे शब्द वेगळे. कन्सोल केबल, वेग साधारण ९६०० बॉड, मग सेटिंग बदलायची मुभा घ्यायला 'एनेबल', 'कॉन्फिगर टर्मिनल'. अडलात तर प्रश्नचिन्ह टाका, पुढे काय चालेल ते स्विचच दाखवतो. केलेला बदल लगेच लागतो, पण रॅममध्ये, म्हणजे लाइन गेली की पुसणाऱ्या मेमरीत. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' केलं, म्हणजे चालू सेटिंग स्विच सुरू होताना वाचतो त्या फाइलत उतरवली, तरच टिकतो. म्हणजे सेव्ह इथेही राहू शकतं, कबूल. पण चालू सेटिंग दाखवणाऱ्या 'शो रनिंग-कॉन्फिग'चा मजकूर उतरवून ठेवला, तर कालचं नि आजचं ताडून बघता येतं. ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन एकाच केबलवरून नेणाऱ्या जोडणीवर, व्हीलॅन वाढवताना 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन'च्या पुढे 'अ‍ॅड' हवंच. नुसतं त्या व्हीलॅनचा नंबर, समजा ३०, लिहिलंत तर आधीची यादी जाऊन एकटा ३० उरतो.

शेवटचं. स्विच तिकडे कामठीला आणि तुम्ही इकडे सीताबर्डीत बसून नेटवर्कवरून बदल करताय, तर जुनं कॉन्फिग सेव्ह आहे ना ते बघा आणि बदलाआधी 'रीलोड इन १०' द्या. चुकून स्विचपर्यंतचा स्वतःचाच रस्ता तोडलात, तरी दहा मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर येतो. नीट चाललं तर 'रीलोड कॅन्सल', आणि सेव्ह त्यानंतरच. घाईत आधी सेव्ह केलंत, तर तो तुटकंच कॉन्फिग घेऊन उठेल. मग काढा गाडी, कामठीला.